‘चाळे’ नव्हेत ते: कोल्हापूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर;
प्रशासनाधिकारी, प्राथमिक शिक्षण समिती, कोल्हापूर महानगरपालिका

महोदय,

आपल्या कार्यालयांतून वर्षभर परिपत्रकं निघत असतात आणि ती वाचून मुख्याध्यापक मेटाकुटीला आलेले असतात. हे ठाऊक असूनही आणखी एक परिपत्रक काढा, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते एका पानाचं असलं तरी पुरे. विषय आहे वर्गातल्या अशा मुलाचा, जे सारखे डोळे मिचकावतं, मान झटकतं, खांदा उडवतं, नाक ओढतं, घसा खाकरतं, मध्येच चिरकल्यासारखा आवाज काढतं आणि ‘चाळं बंद कर’ म्हटलं की क्षणभर थांबून पुन्हा तेच करतं. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, चाळे. वैद्यकात याला टिक म्हणतात (वहीवरच्या बरोबरच्या खुणेशी तिचा काही संबंध नाही). शरीराच्या हालचालीच्या किमान दोन आणि आवाजाची किमान एक अशा टिक अठराव्या वर्षाआधी सुरू झाल्या आणि कमीजास्त होत वर्षाहून जास्त काळ टिकल्या, तर त्या अवस्थेला टूरेट सिंड्रोम असं नाव आहे. ‘चाळे’ या शब्दात मुद्दाम केल्याचा आरोप दडलेला आहे. तो आरोप खोटा आहे हे तर सांगायचं आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तो करत राहिल्यामुळे त्या मुलाची खरी अडचण शाळेच्या नजरेतून कशी निसटते, ते सांगायचं आहे.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जॉर्ज जिल द ला टूरेट या तरुण डॉक्टरने १८८५ साली अशा नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याचे गुरू शार्को यांनी आजाराला शिष्याचं नाव दिलं. त्यानंतरची पाऊणशे वर्षं मात्र वैद्यकाला फारशी भूषणावह नाहीत. दबलेल्या मनाची धडपड, आईबापांच्या वागण्याचा परिणाम, इच्छाशक्तीचा ढिलेपणा, असे नाना अर्थ विद्वानांनी टिकला चिकटवले. १९६०च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी होतात असं दिसून आलं, न्यूयॉर्कच्या आर्थर आणि इलेन शॅपिरो या दांपत्याने त्याचा पाठपुरावा केला, आणि मग हा मेंदूचा विषय आहे हे हळूहळू मान्य झालं. मेंदूच्या पुढच्या भागातून खोलवरच्या बेसल गँग्लियापर्यंत जाऊन परत फिरणारे काही मार्ग असतात. नको त्या हालचालींना लगाम घालण्याचं काम त्यांच्याकडे असतं. टूरेटमध्ये या मार्गांच्या कामात फरक असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आपल्या शाळांच्या स्टाफरूममध्ये मात्र ती पाऊणशे वर्षं अजून सरलेली नाहीत. ‘घरात लाडावून ठेवलंय’, ‘आईबाप लक्ष देत नाहीत’ ही वाक्यं तोच जुना सिद्धान्त आपल्या भाषेत सांगतात.

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. दटावल्यावर मूल थांबतं, पाहुणे आले की थांबतं, मग ते त्याच्या हातातलं नाही असं कसं म्हणायचं? उत्तर असं, की टिक येण्याआधी त्या जागी एक चमत्कारिक अस्वस्थता दाटून येते. खाज सुटावी, शिंक नाकाशी यावी, तशी. टिक झाली की ती घटकाभर शमते. शिंक आपणही कीर्तनात दाबून धरतो. म्हणून शिंक ऐच्छिक ठरत नाही. दाबून धरलेल्या टिक नंतर दुप्पट उसळतात असंही बरेच जण सांगतात. प्रयोगांत ते ठामपणे दिसलेलं नाही, म्हणून तो मुद्दा इथे पुढे करायचा नाही. उलट, टिक न केल्याबद्दल बक्षीस मिळत असेल तर मुलं काही मिनिटं त्या बऱ्याच रोखू शकतात आणि नुसतं ‘थांब’ म्हटल्याने फारसं काही होत नाही, असंही छोट्या प्रयोगांत आढळलं आहे. शिक्षकांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की रोखून धरणं हे एक काम आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात मूल ते काम करत बसलं, तर अपूर्णांकांची बेरीज त्याच्या कानावर पडते, डोक्यात शिरत नाही. आणि दिवसभर शाळेत रोखून धरणारं मूल घरी दप्तर टाकल्या टाकल्या सुटतं. मग आई शाळेत येऊन सांगते तेव्हा बाई म्हणतात, ‘इथं तर काही करत नाही, तुमच्या घरातच काहीतरी आहे.’ दोघीही खरं बोलत असतात.

त्यात या टिकचा स्वभाव मोठा फसवा. आठवडाभर डोळे, मग महिनाभर काहीच नाही, मग एकदम मान. ताण, थकवा, उत्सुकता यांनी त्या वाढतात. म्हणजे परीक्षेत वाढतात, स्नेहसंमेलनात वाढतात आणि ‘कर बघू आता, सगळ्यांना दाखव’ म्हटलं की हमखास वाढतात. शिक्षा हा तर ताणाचाच प्रकार. अंगठे धरून उभं केलेल्या मुलाच्या टिक वाढतात, वाढल्या की शिक्षा वाढते, आणि हा निर्ढावलेला आहे असं सर्वांचं मत पक्कं होतं. सातवी-आठवीत याला आणखी एक विखारी वळण मिळतं. एका डोळ्याची टिक असलेला मुलगा मुलींच्या बाकाकडे तोंड करून बसला असेल, तर ‘डोळा मारतो’ ही तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत जायला दोन दिवसही लागत नाहीत. टूरेट म्हणजे अश्लील शिव्या देण्याचा आजार असा एक समज सिनेमांनी आणि इंटरनेटने जगभर पसरवला आहे. तसं फक्त दहा-पंधरा टक्के रुग्णांत आढळतं. शिवी जिथे मायेनेही दिली जाते अशा आपल्या गावात हे लक्षण कुणाच्या ध्यानात तरी येईल का, हा प्रश्न वेगळा.

आता मुख्य मुद्दा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टूरेट असलेल्या १,३७४ जणांची तपासणी केली होती. त्यांच्यापैकी सुमारे ८६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा एखादा मानसिक विकारही झालेला होता, आणि सुमारे ७२ टक्के लोकांत अवधानदोष व अतिचंचलता किंवा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, यांपैकी एक तरी होता. असे अभ्यास दवाखान्यांच्या आणि रुग्णसंघटनांच्या आधारे होतात, त्यामुळे सौम्य रुग्ण त्यांत कमी येतात. गावातल्या प्रत्येक टिकवाल्या मुलाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. टिक हे दर्शनी लक्षण आहे. मुलाचं शिक्षण अडतं ते बहुतेक वेळा तिच्या सोबत आलेल्या गोष्टींमुळे.

या सोबत्यांना शाळेने ओळखायचं कसं? तपासणी डॉक्टरच करतील, पण वही आधी शिक्षकच बघतात. एखादं मूल ‘क’चा गोल मनासारखा येईपर्यंत खोडत राहतं, कागदाला भोक पडतं, आणि बाकीचा वर्ग दहा वाक्यं लिहून मोकळा होतो तेव्हा याची दोनच झालेली असतात. शेरा पडतो, ‘लेखन अपूर्ण. वेगाची गरज.’ खरं तर त्याला वेग हवाच असतो. ते अक्षर ‘बरोबर’ झाल्याची खूण आतून पटत नाही, तोवर त्याला पुढे जाता येत नाही. हा मंत्रचळाचा एक ओळखीचा चेहरा. कुणी डाव्या हाताने बाकाला स्पर्श झाला की उजव्यानेही करतं, कुणी पायरी मोजूनच चढतं आणि मोजणी चुकली की खाली जाऊन पुन्हा येतं, मग प्रार्थनेला उशीर होतो. अवधानदोषाचं मूल फळ्यावरचं अर्धंच उतरवतं, डबा विसरतं, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतं. मान झटकणाऱ्या मुलाची वाचताना ओळ सुटते, म्हणून ते अडखळतं. त्याशिवाय अक्षरलेखनाच्या अडचणी, झोपेच्या तक्रारी, परीक्षेची भीती, आणि क्षुल्लक कारणावरून होणारा, नंतर स्वतःलाच रडवणारा संतापाचा उद्रेक. यांतलं एकही लक्षण तासाला वीस वेळा घसा खाकरण्याइतकं लक्ष वेधून घेत नाही. म्हणून शाळेचं सारं बळ घसा बंद करण्यात खर्च होतं आणि वहीतलं भोक कुणी पाहत नाही. डॉक्टरांच्या बाबतीतही हे घडत आलं आहे. अवधानदोषावरच्या मेथिलफेनिडेट या औषधाने टिक वाढतील या धास्तीने कित्येक वर्षं अशा मुलांना ते नाकारलं गेलं. २००२ साली अमेरिकेतल्या नियंत्रित चाचणीत ती धास्ती बव्हंशी खोटी ठरली. तिथेही टिककडे बघता बघता मूल मागे राहिलं.

कोल्हापूरकराला हे फुटबॉलच्या भाषेत लवकर पटेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की अर्धं गाव गॅलरीत असतं. इथल्या अनेकांनी १ जुलै २०१४चा बेल्जियम-अमेरिका सामनाही रात्र जागून पाहिला असेल. अमेरिका २-१ हरली, पण गोलरक्षक टिम हॉवर्डने त्या सामन्यात १५ फटके अडवले. हॉवर्डला लहानपणापासून टूरेट आणि मंत्रचळ दोन्ही आहेत, आणि त्याबद्दल तो उघडपणे बोलला आहे. शरीर आणि लक्ष दोन्ही गुंतलेलं असताना टिक ओसरतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. तेव्हा ‘नीट बसेपर्यंत खेळाच्या तासाला सोडायचं नाही’ ही शिक्षा अशा मुलाला दिली, तर आपण नेमकं त्याचं औषधच काढून घेतो.

घरचे लोक तोवर गप्प बसलेले नसतातच. डोळे मिचकावतो म्हणून चष्म्याच्या दुकानात, घसा खाकरतो म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, तिथून ॲलर्जीच्या गोळ्या, आणि मध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून अंगारा, उतारा, देवऋषी. अंगात येणं ही गोष्ट आपल्या भागात अपरिचित नाही, त्यामुळे मान झटकणाऱ्या मुलीचा अर्थ लावायला फार वेळ लागत नाही. बाधा काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण मूल कुठे न्यायचं हे कायदा सांगत नाही. ते शाळा सांगू शकते. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मनोविकार आणि बालरोग विभाग आहेत. चंदगडच्या टोकाहून तिथे पोचायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून आधी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. सौम्य टिकला बहुधा समजावणीखेरीज काही लागत नाही. त्रास जास्त असेल तर येऊ घातलेली टिक ओळखून तिच्याशी न जुळणारी दुसरी हालचाल करायला शिकवणारा वर्तनोपचार आहे. अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराच्या गटातल्या निम्म्याहून अधिक मुलांत चांगली सुधारणा दिसली. तुलनेच्या गटात पाचातल्या एकातही नाही. हे शिकवू शकणारे मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांतही सहज मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. त्यापुढे औषधं आहेत, त्यांचे दुष्परिणामही आहेत. बहुतेकांच्या टिक किशोरवय सरता सरता बऱ्याच कमी होतात. तोवरच्या आठ-दहा वर्षांत मुलाला शाळेने स्वतःबद्दल काय शिकवलं, ते मात्र कमी होत नाही.

आपल्या कार्यालयातून येतील असे आक्षेपही दिसतात. इतक्या दुर्मीळ आजारासाठी परिपत्रक? टूरेट हजारात तीन ते दहा मुलांना असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत तीन-चार पटीने अधिक. आणि काही काळ राहून जाणाऱ्या साध्या टिक तर पाचातल्या एका मुलापर्यंत दिसतात. म्हणजे तीनशे पटाच्या शाळेत एक ते तीन मुलं टूरेटची आणि टिकची त्याहून कितीतरी जास्त. बाकीची मुलं नक्कल करतील, वर्ग बिघडेल? नक्कल होईल, हे खरं. अठराव्या शतकातला इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन, ज्याला टूरेट असावा असं आज अनेक अभ्यासक मानतात, त्याला याच भीतीने मास्तरकी नाकारली गेली होती. पुढे त्याने स्वतः शाळा काढली, आणि त्याचा विद्यार्थी डेव्हिड गॅरिक मोठा नट झाल्यावर गुरूची हुबेहूब नक्कल करून लोकांना हसवत असे. गॅरिकला टिक लागल्या नाहीत. कोविडच्या काळात समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून टिकसारख्या हालचाली अचानक सुरू झालेल्या किशोरवयीन मुली अनेक देशांतल्या डॉक्टरांना भेटल्या, हेही सांगायला हवं. पण त्या हालचालींचं रूप वेगळं असतं. त्या पाच-सात वर्षांच्या वयात डोळ्यांपासून हळूहळू सुरू होत नाहीत. शिवाय त्या मुलींनाही मदतच लागते. राहिला शिक्का बसण्याचा धोका. माकड, नाटक्या, डोळेमाऱ्या हे शिक्के आधीच बसलेले असतात. त्यांच्या जागी आजाराचं खरं नाव आलं तर मुलाचं नुकसान काय होईल, हे मला तरी समजत नाही. सर्वांत जड आक्षेप शिक्षकांच्या कामाचा आहे. सर्वेक्षणं, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती यांखाली दबलेल्या माणसाला आणखी काही करा म्हणणं क्रूरपणाचं आहे. पण इथे मागणी बरीचशी न करण्याची आहे. टोकू नका, रागावू नका, वर्गापुढे विचारू नका.

कायद्याचा आधार आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यांत टूरेटचं नाव नाही, आणि याच सबबीवर पालकांना परत पाठवणं सोपं असतं. परंतु त्या यादीत मेंदूच्या दीर्घकालीन आजारांचा गट आहे, तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही नावं उदाहरणादाखल दिलेली आहेत; मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे गटही आहेत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देताना, ही सोय ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी बांधता येणार नाही असं स्पष्ट केलं. दर दोन मिनिटांनी मान झटकणाऱ्या मुलाला वाढीव वेळ किंवा वेगळी खोली नाकारण्याआधी तो निकाल एकदा वाचला जावा. आणखी एक. शाळांत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक (हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला) ज्या तीस बाबी तपासतं, त्यांत अवधानदोष आणि अध्ययन अक्षमता आहेत, टिक नाहीत. यादी बदलणं आपल्या हातात नाही, पण टिक दिसणाऱ्या मुलाला त्या दोन गोष्टींसाठी तपासा, असं आरोग्य विभागाला कळवणं आहे.

‘हिचकी’ हा राणी मुखर्जीचा सिनेमा २०१८ साली आला तेव्हा टूरेट हे नाव पहिल्यांदा घरोघरी पोचलं. त्याचा आधार असलेला ब्रॅड कोहेन हा अमेरिकन शिक्षक २४ शाळांनी नाकारल्यावर पंचविसाव्या शाळेत लागला. पण त्याच्या आत्मकथनातली मोलाची गोष्ट त्याआधीची आहे. शाळकरी ब्रॅडला त्याच्या मुख्याध्यापकांनी संगीताच्या कार्यक्रमानंतर साऱ्या शाळेपुढे मंचावर बोलावलं, हे आवाज तू का काढतोस ते विचारलं, आणि आम्ही काय करावं तेही विचारलं. काही मिनिटांत काम झालं. आपल्याकडे रोज परिपाठ असतो. मुलाची आणि पालकांची संमती असेल तर, आणि तरच, तिथली पाच मिनिटं पुरतील. संमती नसेल तर मुलाचं नाव न घेता विज्ञानाच्या तासाला मेंदूच्या धड्यासोबत सांगता येईल. हे काम शाळेचं का, याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. सक्ती अशी पालकांवर घातली, की शाळेत आलेलं मूल वर्गाबाहेर उभं राहणार नाही ही जबाबदारी संस्थेवर येते; तो हिशेब शंभर वर्षांनंतरही तसाच आहे.

हे पत्र दोन्ही शिक्षणाधिकाऱ्यांना का, याचंही कारण सांगायला हवं. टिक साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात दिसू लागतात आणि दहा ते बाराच्या दरम्यान सर्वांत तीव्र होतात. आपल्याकडे नेमकं याच वेळी, चौथी संपल्यावर, असंख्य मुलं गावातली शाळा सोडून पाचवीला हायस्कुलात जातात. चार वर्षं ज्या गुरुजींनी त्या मुलाला सांभाळून घेतलेलं असतं ते मागे राहतात, आणि नव्या शाळेत सहा विषयांचे सहा शिक्षक सहा वेळा ‘काय चाळं लावलंयस’ विचारतात. प्राथमिकची फाईल तोवर बंद झालेली असते, माध्यमिकची अजून उघडलेली नसते. तेव्हा परिपत्रकात बाकी काही राहिलं तरी चालेल, पण पालकांच्या संमतीने दाखल्यासोबत चार ओळींची चिठ्ठी पुढच्या वर्गशिक्षकांकडे जावी, ही सूचना त्यात असावी आणि त्यावर दोन्ही कार्यालयांच्या सह्या असाव्यात. जूनमधल्या पहिल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेआधी ते निघालं, तर या वर्षी पाचवीत बसणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
कोल्हापुरातील एक नागरिक